तोंडात कोंबलेला पदर

"तो शेवटचा खोकला काढून टाक," भैरवी मॅडम म्हणाल्या, आणि आरोहीची कानशिलं तापली.

बेळगावच्या विद्यापीठातल्या नृत्य विभागाचा कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. शेवटच्या वर्षाच्या मुलींनी आपापला नाच स्वतः बसवायचा, अशी तिथली पद्धत. आरोहीनं विषय म्हणून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायका घेतल्या होत्या. पाच पोरी तंबाखू चाळतात, धुरळा उडतो, एक खोकते, मग दुसरी, आणि बघता बघता अख्खं स्टेज खोकायला लागतं. तिची आई जयाबाई बावीस वर्षं तेच काम करत होती. तो खोकला ऐकतच आरोही लहानाची मोठी झाली होती.

"का काढायचा, मॅडम?"

"प्रमुख पाहुणे कोण आहेत, ठाऊक आहे ना? लाइट, साउंड, सगळं शेठनी दिलंय. त्यांची स्वतःची वखार आहे निपाणीत. त्यांना पहिल्या रांगेत बसवून हे दाखवायचं?"

कुठली वखार, हे विचारायची गरज नव्हती. आई तिथंच जात होती.

"मग सगळा नाचच काढा."

"काढेन. आणि परीक्षेत नापासही करेन. चालेल?"

आरोही तशीच बाहेर पडली आणि निपाणीच्या बसमध्ये चढली. संकेश्वर येईपर्यंत ती मनातल्या मनात मॅडमशी भांडत होती. आईला एकदा सांगितलं की झालं. आई म्हणेल, कर तू, बघू काय करत्यात ते.

जयाबाई नुकतीच कामावरून आली होती. दारात बसून केसांतला धुरळा झटकत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फणी खाली ठेवली.

"माझा खोकला? चार पोरीस्नी शिकिवलास? कुणाला इचारून?"

"अगं, तुम्हा सगळ्यांसाठीच केलंय."

"आमच्यासाठी? मुकादमाला ऐकू जाऊ नये म्हणून पदर कोंबून घेतो मी तोंडात. खोकणारीला दुसऱ्या दिवशी दारातनंच माघारी धाडत्यात. मालुबाईला गेल्या म्हैन्यात धाडली. आणि तू मालकाच्या म्होरं माइक लावून खोकणार व्हय?"

"म्हणजे तुम्ही आपलं गपच बसायचं?"

"गप बसलो म्हणून तू नाचाय लागलीस," जयाबाई म्हणाली आणि आत निघून गेली.

आरोही जेवली नाही. मॅडमवरचा राग आता आईवर जात होता, आईवरून परत फिरून स्वतःवर येत होता. विचारायला हवं होतं, हे तिला कळत होतं. त्यानं राग आणखीनच पेटत होता. सकाळच्या पहिल्या बसनं ती बेळगावला परतली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. आरोहीनं पोरींना बजावलं, "शेवटी कुणी आवाज काढायचा नाही. मी करेन तसं करा."

नाच शेवटाला आला. संगीत थांबलं. आरोहीनं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. पाठ हिसके खाऊ लागली, डोळ्यांत पाणी आलं, आवाज मात्र नाही. मागोमाग बाकीच्या चौघींनी पदर कोंबले. पाच पाठी गदगदा हलत राहिल्या.

पहिली टाळी शेठनी वाजवली. ते स्टेजवर आले, आरोहीच्या हातात चषक दिला आणि माइकवर म्हणाले, "आमच्या वखारीतल्या बायकांची मर्यादा काय सुंदर दाखवली पोरीनं! परका माणूस दिसला की पदर लगेच तोंडाला."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आरोहीनं माइक ओढून घेतला.

"मर्यादा नव्हती ती. खोकला होता."

टाळ्या विरल्या. शेठ हसले, पण डोळे बारीक झाले. "व्हय काय? तुला बरं ठाऊक? कुणाची गं तू? आमच्यात कोण कामाला आहे तुझं?"

आईचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. ताठ मानेनं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ते उच्चारायचं होतं. तिनं ते गिळलं.

"साडेतीनशे बायका आहेत तुमच्याकडं. त्यातल्या कुणाचीही असेन."

चषक टेबलावर ठेवून ती खाली उतरली. विंगेत भैरवी मॅडमचा चेहरा लालबुंद झाला होता. "सोमवारी ऑफिसात ये," एवढंच त्या म्हणाल्या.

"येते," आरोही म्हणाली. थांबली नाही.

बाहेर येऊन तिनं फोन लावला आणि शेठनी काय विचारलं, आपण काय बोललो, ते सगळं आईला सांगितलं. जयाबाई हळूच म्हणाली, "माझं नाव न्हाई घेतलंस न्हवं?"

"न्हाई."

"बरं केलंस गं बाई. लई बरं केलंस."

आईनं सुस्कारा टाकला. नाव लपलं म्हणून आईच्या आवाजात आलेला तो सुटकेचा भाव ऐकून आरोहीच्या अंगाचा असा भडका उडाला की त्यापुढं मॅडमवरचा राग काहीच नव्हता, शेठवरचाही काहीच नव्हता. तिनं फोन कानाला तसाच घट्ट धरून ठेवला.