आपण की आम्ही

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि औरंगाबादेत सातारा परिसरात इमारतीमागून इमारत उभी राहत होती. इमारतींना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. मृण्मयीचं सासर तिथंच, चौथ्या मजल्यावर. टँकर आला की पळायचं, पिंप भरायचं, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळायचं, आणि हे सगळं उरकून भर उन्हात उस्मानपुऱ्यात फ्रेंचच्या क्लासला जायचं, असा तिचा दिवस होता.

तिचा नवरा हिमांशू वाळूजची नोकरी सोडून मॉन्ट्रियलला गेला होता. जाताना म्हणाला होता, "तिकडं फ्रेंच लागतं. तू शीक, परीक्षा दे, मग तुझे कागद टाकू." ती मन लावून शिकत होती. कुठवर आलीस, हे मात्र त्यानं कधी विचारलं नव्हतं.

क्लास घेणाऱ्या आमरीन मॅडम वेरूळच्या. त्यांचे वडील लेण्यांवर फ्रेंच पाहुण्यांना फिरवायचे, त्यांच्यामागं हिंडत मॅडम लहानपणीच बोलायला शिकल्या होत्या. एके दिवशी त्यांनी फळ्यावर क्रियापद लिहिलं. "पार्ले, म्हणजे बोलणं. शेवटची दोन अक्षरं काढा अन् माणसाप्रमाणे शेपूट जोडा. मी, तू, तो, ते, लिहिताना शेपूट कुठं कुठं बदलतं, पण ऐकायला सगळं एकच, पार्ल. कानाला फरक कळतो फक्त 'तुम्ही'ला आणि 'नू'ला. नू आलं की शेवटी ओं. नू पार्लों."

"मॅडम, नू म्हणजे आपण की आम्ही?" मृण्मयीनं विचारलं.

"दोन्ही. त्यांच्याकडे एकच शब्द आहे. ऐकणाऱ्याला त्यात धरलंय की वगळलंय, ते पुढच्या बोलण्यावरून ओळखायचं."

मृण्मयीला याची गंमत वाटली. घरी पिंप भरताना ती एकेका क्रियापदाला शेपट्या लावत बसायची. राहणं, शोधणं, काम करणं. सासूबाई, कालिंदीबाई, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "कशाला एवढा जीव काढतेस गं? व्हिसाचं व्हायचं तेव्हा होईल." तिला ती माया वाटायची.

एका शनिवारी संध्याकाळी हिमांशू व्हिडिओ कॉलवर होता. त्याच्याकडे सकाळ होती. बोलता बोलता त्याचा दुसरा फोन वाजला. "एक मिनिट हं," म्हणत त्यानं तो उचलला आणि तिच्यासमोरच फ्रेंचमध्ये बोलू लागला. समोर कुणी घरमालक असावा. मृण्मयी कान देऊन ऐकत होती. नू शेर्शों, तो म्हणाला. शोधतोय, घर शोधतोय. आपण. याला आपली आठवण आहे, आणि आपण उगाच मनात काहीबाही आणत होतो, असं तिला वाटलं.

मग त्यानं हसत घरमालकाला भरवसा दिला, "नू त्राव्हायों," आणि पुढं म्हणाला, दोघंही. आम्ही दोघंही नोकरी करतो.

मृण्मयी कुठंच नोकरी करत नव्हती.

त्यानं फोन ठेवला. "हां, काय म्हणत होतीस?"

"दोघं म्हणजे कोण, हिमांशू?"

"तुला एवढं कळायला लागलं?"

"तूच शीक म्हणाला होतास."

"मी सांगणारच होतो. तिचं-माझं... बरेच दिवस झाले आता. आई-बाबांना दिवाळीपासून माहीत आहे. तेच म्हणाले, घाई करू नकोस, आम्ही तिला बेतानं सांगू."

दिवाळीपासून. तिनं कॉल बंद केला आणि बाहेर आली. कालिंदीबाई पाय लांब करून बसल्या होत्या, तेलाची वाटी जवळच होती. सुनेच्या चेहऱ्याकडे बघून त्या काय ते समजल्या.

"पुरुषाची जात, येईल ताळ्यावर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तोवर चारचौघांत बोलू नकोस. अन् तू गेलीस तर या वयात आमचं कोण बघणार, सांग?"

मृण्मयीनं वाटी उचलून आत ठेवली. त्या दिवशी तिनं तेल लावलं नाही.

दोन दिवसांनी टँकरपाशी गर्दी होती. सासरे, सदाशिवराव, शेजाऱ्यांना सांगत होते, "सूनबाईचं फ्रेंच झक्कास चाललंय. निघतील आता कॅनडाला."

"हिमांशू तिथं दुसरीबरोबर राहतो, बाबा," मृण्मयी पाइप धरूनच म्हणाली. "मला आता कळलं. तुम्हाला दिवाळीपासून माहीत आहे."

सदाशिवराव खाली बघत जिन्याकडे वळले. टँकरवाला कडुबा तेवढा म्हणाला, "ताई, पिंप भरलं. पाइप सोडा, लोक थांबलेत."

परीक्षा तिनं दिली. निकाल चांगला लागला, तेव्हा तो सांगावा असं त्या घरात कुणी नव्हतं, म्हणून तिनं आमरीन मॅडमना फोन केला. मॅडमना आनंद झाला. "मग निघायची तयारी?" त्यांनी विचारलं.

"हो, बॅग भरली," मृण्मयी म्हणाली. "वैजापूरला जातेय, माहेरी."