वाचनालयाचा बाण

आमच्या भाऊजींनी शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आहेत. त्यामुळे त्यांच्याबरोबर बाजारातून जाणं म्हणजे नातेवाइकांच्या लग्नात फिरणं. दर दोन पावलांवर थांबायचं.

"हा 'क' बघ. माझ्या लग्नाआधीचा."

"कसा ताठ उभा आहे," मी म्हटलं. "लग्नाआधी सगळेच असतात."

त्या संध्याकाळी धुकं उतरलं होतं. दुकानं विरघळून गेली होती आणि नुसत्या पाट्याच हवेत तरंगत होत्या. केशकर्तनालय. चष्मे. घड्याळ दुरुस्ती. भाऊजी मान वर करून झोपेत चालल्यासारखे चालत होते. जुनी अक्षरं रेघेत होती, अलीकडची उतारावरून घसरल्यासारखी. तशी पाटी आली की ते पाय उचलायचे आणि मी गप्प बसायचे. एरवी मी तोंडाळ आहे, पण पडलेल्या माणसाला आणखी ढकलावं असा माझा स्वभाव नाही.

आम्ही दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधत होतो. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्यांच्याकडून घराची किल्ली काढून घेतली होती. "आज बैठकीला बसून आलात तर दार उघडेन. नाहीतर दुकानातच झोपा, कायमचे." ताई कमी बोलते, पण बोलली की काळ्या दगडावरची रेघ. मला तिने साक्षीदार म्हणून सोबत धाडलं होतं आणि वर बजावलं होतं, "थापा मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, आणि तू लगेच पाघळतेस."

बैठकीच्या जागेला पाटी नव्हती, हे भाऊजींना फार लागलं होतं. "जिला पाटी नाही ती जागा आहे तरी कशावरून?" असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं. फोनवर एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याने पत्ता सांगितला होता: वाचनालयाच्या मागची खोली. "चौकात वाचनालयाची पाटी आहे, तिच्यावर बाण आहे. पण त्या बाणाचं असं आहे बघा..." एवढं ऐकून भाऊजींनी लाजेने फोन ठेवून दिला होता.

चौकात पाटी दिसली. बाण डावीकडे होता. आम्ही डावीकडे वळलो.

गल्ली लांबतच गेली. धुक्यात कुणीतरी काचेचे ग्लास विसळत होतं, तो किणकिणाट हळूहळू जवळ येत होता. इतका गोड आवाज की मला वाटलं, वाचनालयात चहापाण्याची सोय असणार. मग गल्ली संपली आणि समोर आलं बारचं मागचं दार. अर्धवट उघडं. आतला पिवळा उजेड पायरीवर सांडला होता.

ग्लास विसळणारा ओळखीचं हसला. "या पेंटर! आज मागच्या दाराने?"

भाऊजी जागच्या जागी थांबले. खरं सांगते, ताईचं बंद दार डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"वाचनालय कुठे आहे हो?" मी विचारलं.

"उलट्या बाजूला. तो बाण चुकीचा आहे ना. इथे सगळ्यांना ठाऊक आहे, बाण दिसला की उलटं वळायचं. नवखा तेवढा इथे येतो." तो हसला. "आमचं काय जातंय!"

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "तो बाण माझा आहे," ते पुटपुटले. "इथूनच उठून शिडीवर चढलो होतो त्या दिवशी. मला वाटलं होतं, झकास काढलाय."

"बसा की घटकाभर."

भाऊजी त्या उजेडाकडे बघत राहिले. किती वेळ, देव जाणे. ग्लास वाजत होते. मग त्यांनी माझा हात धरला.

"चिमणे, मला ओढ."

मी ओढलं.

वाचनालयामागच्या खोलीत खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. सोबतच्या माणसालाही बसायची मुभा होती. नाव सांगायची सक्ती नव्हती. भाऊजींची पाळी आली तेव्हा मला वाटलं, आता हे झकास थाप मारणार.

"चौकातला तो बाण मी काढलाय," ते उभे राहून म्हणाले. "पिऊन."

मग मफलर गुंडाळलेला एक म्हातारा खोकत खोकत हसायला लागला. फोनवरचा तोच.

"पहिल्या दिवशी मी बारच्या मागच्या दारातच पोचलो होतो."

"मीसुद्धा," शेजारची नर्स म्हणाली.

"मी तर आत जाऊन बसलो," एक ट्रकवाला म्हणाला. "इथे पोचलो पुढच्या आठवड्यात."

"मग कुणी पुसला का नाही?" भाऊजींचा आवाज चिरकला.

"पुसणार होतो," म्हातारा म्हणाला. "मग म्हटलं, राहू दे. ज्याने काढलाय तो एक ना एक दिवस इथे येईलच. त्याचा त्यालाच पुसू दे."

भाऊजी मटकन खुर्चीत बसले आणि ओंजळीत तोंड लपवून रडले. मीही रडले. पाघळतेस, असं ताई म्हणालीच होती.

घरी पोचलो तेव्हा ताईने दार न उघडताच आतून विचारलं, "बसले का गं?"

मी तोंड उघडणार तोच भाऊजी बंद दाराला म्हणाले, "उद्या चौकात जायचंय. माझा हात थरथरतो. शिडी धरायला कुणीतरी हवंय."

मग कडी वाजली.