मी लोणच्याची बरणी नव्हे

मी एक जुनी बरणी आहे. लोणच्याची नव्हे! हे आधीच ठणकावून सांगते, कारण माझ्यापुढच्या पाटीवर तसं लिहिलंय, आणि ते ऐकून ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

मित्रांनो, चीनमधल्या कॅन्टनजवळच्या एका भट्टीत माझा जन्म झाला. कुंभाराने मला उंच घडवलं ते उगाच नाही. माणसाच्या मांडीचं हाड उभं मावेल एवढी माझी उंची आहे. आमच्या लोकांचा रिवाजच आहे तसा. परमुलखात वारलेल्याला तिथेच सोडायचं नाही. काही वर्षांनी हाडं उकरायची, धुवायची, बरणीत रचायची आणि गावी न्यायची. म्हणून सोनं शोधायला न्यूझीलंडला निघालेल्या बोटीत तांदळाच्या पोत्यांशेजारी आम्हा बरण्यांनाही जागा असे.

मी आले ती लेउंग भावांच्या झोपडीत. थोरला काम-फूक, धाकटा बिंग-सून. गोऱ्यांनी धुऊन टाकून दिलेली वाळू हे दोघे गारठलेल्या पाण्यात उभे राहून पुन्हा धूत. संध्याकाळी काम-फूक माझ्या पोटावर थाप मारायचा.

"बिंग्या, घर पक्कं आहे रे माझं. कुठे गळत नाही."

"दादा, तोंड आवर! असलं अभद्र बोलू नये."

"अरे, तुलाच भरायचंय म्हणून सांगतो. उलटा नको भरूस. पाय खाली, डोकं वर."

मग एके दिवशी नदीकाठची दरड कोसळली आणि काम-फूक तिच्याखाली गेला. बिंग-सून नखांनी माती उकरू लागला. पण वरच्या अंगाला खाणकाम करणाऱ्या गोऱ्यांच्या कंपनीचे लोक सोन्यासाठी त्याच दरडीवर पाण्याचा झोत मारत होते. तो धावत मुकादमाकडे गेला.

"पाणी बंद करा हो! माझा भाऊ आत आहे!"

"एका चिन्यासाठी पाणी बंद करू? चल, नीघ!"

पाणी चालूच राहिलं. संध्याकाळपर्यंत सगळी दरड नदीला मिळाली, काम-फूकसकट. मेल्यांनो, माणूस होता तो! हसरा, खादाड, जिवंत माणूस.

रिकामी बरणी घेऊन आईला तोंड कसं दाखवायचं? बिंग-सून गावी गेलाच नाही. इथेच त्याने संसार केला, इथेच तो म्हातारा झाला. त्याच्यामागे झोपडी विकली गेली. मला एका गुत्तेवाल्याने उचललं आणि माझ्यात ओल्या छत्र्या ठेवल्या. तिथून मी सोन्याच्या इतिहासाच्या या चिमुकल्या संग्रहालयात आले. इथे पाटी काय, तर 'खाणकामगारांची लोणच्याची बरणी'! मुलं येतात, आत चॉकलेटचे कागद टाकतात. त्यांना काय बोलणार? चूक पाटी लिहिणाऱ्यांची आहे.

परवा एक म्हातारा नातीबरोबर आला. बिंग-सूनचा नातू, वाय-चोय. पाटी वाचून तो भडकलाच.

"लोणच्याची? यांच्या जिभेला काही हाड! अहो बाई, ही अस्थींची बरणी आहे. आमच्या घरची, माझे आजोबा सांगायचे ती."

संग्रहालयाच्या हॅडन बाई गोड हसल्या. "खरं असेलही, आजोबा. पण इथे शाळेची मुलं येतात. घाबरतील बिचारी. लोणचंच बरं पडतं."

"कोणाला बरं पडतं?"

नातीने, युएतने, त्याचा हात धरला. "आजोबा, चला ना. लोक बघताहेत."

"बघू देत!" म्हणून तो तरातरा नदीकडे गेला. परतला तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि मुठीत ओली वाळू होती. दोरी ओलांडून त्याने ती माझ्यात सोडली. वाकून माझ्या तोंडाशी म्हणाला, "थोरले आजोबा, बिंग-सूनचा नातू आलोय. फार उशीर झाला. या, आत या."

"अहो, वस्तूंना हात लावायचा नाही!" हॅडन बाई ओरडल्या. "आता सगळं धुऊन काढावं लागेल!"

"काढून तर बघा," युएत म्हणाली. मघाशी लाजणारी तीच पोर माझ्यासमोर मांडी ठोकून बसली. संग्रहालय बंद होईपर्यंत हलली नाही. जाताना म्हणाली, "उद्या पुन्हा येते. हिला गावी घेऊन जायचंय."

ती येईलच. पण सफाईवाला तिच्या आधी येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आमची धूळ झटका, आम्हाला लख्ख ठेवा. मी मात्र हात जोडून उलटंच मागते. माझ्यात फडकं घालू नका, मला धुऊ नका. आत काम-फूक आहे.