राजाच्या डोक्याभोवतीची रेघ

मजकुराबाहेर एक शब्द बोलायचा नाही, एवढीच अट होती. आणि मी, पद्मिनी, गप्प बसणाऱ्यातली नाही!

ओसाकात सहा वर्षं झाली, सगळ्यांना मी फक्त 'सारंग-सानची', म्हणजे सारंगरावांची, बायको. संग्रहालयातली गाइडची नोकरी मिळाली तर छातीवर माझ्या नावाचा बिल्ला लागणार होता. आज त्याचीच चाचणी. सकाळी सारंगनं बजावलं, "पद्मा, पाठ केलंयस तेवढंच बोल. शहाणपणा करू नकोस."

समोर दहा पाहुणे, बाजूला फॉर्म घेऊन परीक्षक मोरिता-सान. मागे इटलीतल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्राची भाजलेल्या फरशांवरची, मूळ भिंतीच्या उंचवट्यांसकट हुबेहूब नक्कल, हात लावून बघायची. त्याहून जुन्या काळातल्या राजाचा राज्याभिषेक. राजा गुडघ्यावर, धर्मगुरू मुकुट ठेवतायत, भोवती ही गर्दी!

चित्र ओल्या गिलाव्यावरच कसं रंगवलं, ते सगळं मी घडाघडा बोलले. राजाच्या डोक्याभोवती बारीक रेघ होती. "हा भूकंपात गेलेला तडा," मी मजकुरातलं वाक्य म्हटलं.

"तडा असा डोक्याभोवती गोल कसा गेला?" एका आजोबांनी विचारलं.

झालं! सरावाला यायचे तेव्हापासून मला तेच खटकत होतं. तडा कसला डोंबलाचा! तासगावला आमची मातीची जमीन. आई सारवायची तेव्हा हात पुरेल तेवढंच एका दिवशी, बाकीचं दुसऱ्या दिवशी. वाळलं की मध्ये अगदी अशीच रेघ दिसायची.

मोरिता-साननी पेन उचललं. "माहीत नाही" म्हटलं असतं तर नोकरी खिशात होती. पण जीभ वळेना.

"माफ करा, मी चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. "हा सांधा आहे. ओला गिलावा त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच लावायचा. गर्दी भराभर उरकली, पण राजाच्या एका डोक्याला अख्खा दिवस दिला."

"मजकुरात हे नाही," मोरिता-सान हळूच म्हणाल्या.

आजोबांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "चाळीस वर्षं मी भिंतींना गिलावा केला," ते म्हणाले. "सांधाच आहे. नवा थर जुन्यावर चढलाय." आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

पाहुणे गेल्यावर मोरिता-साननी फॉर्मवर शिक्का मारला. "बिल्ला उद्या मिळेल. मजकूरही बदलू, पण त्याला संदर्भ लागतो. कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तकात नाही. आईकडून शिकले."

"त्यांचं नाव?"

त्यांनी संदर्भाच्या रकान्यात सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं, "अरुणा-सान, तासगाव. बरोबर?"

आईचे हात जन्मभर शेणामातीत गेले. गावात तिला कुणी कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. मला मेलीला "हो" म्हणतानाच रडू फुटलं.