माझ्या पोटातली चुंबकं

मी गळाच्या काठीवरचं रीळ बोलतोय. आवाज जरा चढलेला वाटला तर सांभाळून घ्या. कालपासून आनंद माझ्या पोटात मावत नाहीये, आणि त्यात आता तिथे नवे पाहुणेही मुक्कामाला आलेत!

जन्म माझा कारखान्यातला. पितळी दातेरी चाकं, गोल गुळगुळीत झाकण आणि मधोमध अ‍ॅल्युमिनियमची हलकी फिरकी. तिच्यावर दोरा गुंडाळायचा. ही फिरकी म्हणजे माझा जीव, आणि माझी खोडही तीच. मालकाने काठी झटकली की गळाचं वजन हवेत सुसाट सुटतं आणि त्याच्यामागे फिरकी गरगरत दोरा सोडते. वजन पुढे जाऊन मंदावतं, फिरकी मात्र आपल्याच नादात फिरत राहते. मग दोरा जागच्या जागी फुगतो आणि असा गुंता होतो, की सोडवता सोडवता माणूस रडकुंडीला यावा. त्यावर इलाज एकच, अंगठा. फिरकीवर तो हलकाच टेकवायचा, लागेल न लागेल असा.

माझे मालक सुतार. रंधा मारलेल्या फळीवर अंगठा फिरवून ते डोळे मिटून सांगायचे, "इथे अजून खरखर आहे." असा तो अंगठा माझ्या फिरकीवर असला की मला कसली भीती! सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तळ्यावर हजर. मासा मिळो न मिळो, मालक शीळ घालतच घरी परतायचे.

मग एक दिवस यंत्रकरवतीवर फळी सटकली. डॉक्टरांनी अंगठा शिवून जागेवर बसवला, पण त्यातली जाणीव काही परत आली नाही. मालकांना तो दाबता यायचा, हलका ठेवता येत नव्हता. बरे झाल्यावर ते हौसेने तळ्यावर आले. पहिल्याच फेकीला गुंता. सोडवला, पुन्हा फेकलं, पुन्हा गुंता. शेवटी त्यांनी चाकू काढला आणि सगळा दोरा कापून टाकला. मला शिव्या तरी घालायच्या होत्या! घरी आल्यावर खिळ्यांच्या डब्यात मला ठेवून झाकण लावलं.

त्या डब्यात मी गंजायचाच बाकी होतो. शीळ ऐकू यायची बंद झाली. सुट्टीच्या दिवशी मालक खिडकीशी नुसते बसून राहायचे, हे अधूनमधून येणाऱ्या लेकीच्या बोलण्यातून कळायचं. "बाबा, निदान फिरून तरी या," ती म्हणायची. "कुठे?" एवढंच ते विचारायचे.

एकदा घर आवरताना त्यांनी मला उचललं ते थेट भंगाराच्या पोत्यात. लेक आणि जावई भेटायला आले होते.

"बाबा, हे कशाला टाकताय?"

"मग काय त्याची पूजा करू?"

लेकीने मान डोलावली. पण सासरे-जावई चहा पीत बसल्याचं बघून तिने मला पोत्यातून काढलं आणि पर्समध्ये सरकवलं.

जावई लाउडस्पीकर नि इयरफोन दुरुस्त करणारे. सासऱ्यांनी त्यांचं नाव 'भोंगेवाले' पाडलं होतं, अर्थात पाठीमागे. तोंडावर "जावईबापू, बसा," एवढंच, आणि मग दोघंही छताकडे बघत बसायचे.

भोंगेवाल्यांनी मला दुकानातल्या टेबलावर पार उघडं केलं. स्क्रू एकीकडे, झाकण एकीकडे!

"बाबांना विचारलंस ना?" त्यांनी बायकोला विचारलं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

नेमके तेव्हाच मालक दारात! दुकानासाठी बनवलेलं शेल्फ द्यायला आले होते. माझी ती दशा बघून त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"माझ्या वस्तूला हात लावायला कोणी सांगितलं?"

जावयांची बोबडी वळली. घाईघाईने त्यांनी आसावर धरलेली माझी फिरकी बोटाने जोरात फिरवली आणि एक बारकं चुंबक तिच्या जवळ नेलं. फिरकी मंदावली. अगदी हळुवार, कुणी कानात "पुरे आता" म्हणावं तशी.

"टेकलं असेल कुठे तरी," मालक गुरगुरले.

"नाही टेकलं." जावयांनी मधल्या फटीतून कागदाचा कपटा आरपार सरकवून दाखवला.

मालक पुढे झाले. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. मालकांनी स्टूल ओढलं. "अ‍ॅल्युमिनियमला तर चुंबक चिकटत नाही."

"नाही चिकटत. पण धातू चुंबकाजवळून फिरला की त्याच्यात वीज घुमते, आणि तीच त्याला मागे ओढते. जितका वेग, तितकी ओढ."

मालक आपल्या शिवलेल्या अंगठ्याकडे बघत राहिले. "म्हणजे हा अंगठाच की हो!"

त्यानंतर काय धांदल उडाली म्हणून सांगू! बिघडलेल्या इयरफोनमधून चुंबकं निघाली. माझ्या झाकणाच्या आतून लाकडाची चकती बसली, तिच्यावर चुंबकं चिकटली, एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली. घरून काठी आली, माझ्यावर नवा दोरा चढला; गोंद वाळेपर्यंत कुणाला धीर धरवेना. दुकानामागच्या बोळात पहिली फेक झाली. वजन धपकन पायाशीच पडलं.

"जावईबापू, मासा काय इथे चप्पल घालून येणार?" मालक खो खो हसले.

जावई ओशाळले. "ओढ जास्त झाली. थोडी चुंबकं काढतो."

"काढू नका, फिरकीपासून लांब न्या. खालची चकती लाकडाची आहे ना? मग ते काम माझं."

मालकांनी चकती मागच्या बाजूने तासून पातळ केली. फेक जरा पुढे गेली. आणखी तासली, आणखी पुढे. लाकडाचे पापुद्रे दोघांच्याही केसांत अडकले होते, आणि छताकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

काल सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. वारा समोरून. गुंता व्हायला याहून चांगला वारा नाही! लेकीने ओठ आवळले होते. मालकांनी काठी मागे नेली, झटकली आणि अंगठा पूर्ण उचलला. सुटलो! फिरकी भणाणली, दोरा सूं सूं करत धावला. वजन वाऱ्यात मंदावलं. आता फुगणार, असं वाटतंय तोच चुंबकांनी फिरकीला आवरलं. लांबवर पाण्यात 'डुबुक' वाजलं.

मालक माझ्यावर वाकून गुंता शोधू लागले. "नाहीये," ते म्हणाले, जणू तक्रारच करतायत. मग एकदम ओरडले, "अगं, नाहीये!"

फेकीमागून फेक. आणि अचानक काठी वाकली! दोरा ताणला, माझे दाते कर्र्कर्र् ओरडू लागले.

"अरे पोरा, जाळी आण, जाळी! उलटी धरलीस, सुलटी कर!"

जावईबापूंचा एका झटक्यात 'अरे पोरा' झाला होता, आणि पोरगा गुडघाभर पाण्यात धडपडत खुशीत हसत होता. मासा जाळीत आला तेव्हा दोघंही नखशिखान्त भिजले होते.

आज माझ्या झाकणावर गोंदाचा एक ओघळ वाळलाय. तो कुणी पुसू नये, मला तो दागिन्यासारखा वाटतो. तुमच्या घरी एखाद्या डब्यात माझा भाऊबंद पडला असेल, तर त्याला उघडा. बिघडेल म्हणून घाबरू नका, बंद डब्यात तो तसाही कुणाच्या कामाचा नाही. मालकाला विचारून उघडलंत तर उत्तम. न विचारता उघडलंत, तर मी कुणाकडे बोलणार नाही.

हे बघा, मालकांनी काठी मागे घेतली. जरा बाजूला सरका, गळ सुटतोय!