काखेतला टॉवेल

किरिकोच्या बॅटिंगला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. खाडीकाठच्या तारुमिझू गावातल्या मुलींच्या शाळेत सॉफ्टबॉल क्लबला नवी पोरगी आली की तिला आधी किरिकोसमोर उभं करायचे आणि सांगायचे, बघ, बॅट अशी फिरवायची असते. कंबर आधी, मग खांदा, मग हात आणि हातांच्या मागोमाग बॅट. लहानपणापासून घासून घासून तिनं बॅट फिरवायची ती ढब घडवली होती. तळहातावरचे घट्टे बघून तिची आई म्हणायची, "लग्नात हातमोजे घालून बसवावं लागणार तुला." एवढं सगळं करून एक गोष्ट मात्र राहिलीच होती, जी क्लबात कुणी बोलत नसे आणि किरिको स्वतः तर मुळीच नाही. इतकी देखणी बॅट फिरवूनही तिचा बॉल फार लांब जात नसे.

मग एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्या वर्षात सामेशिमा इबुकी आली.

इबुकीच्या बापाचे खाडीत कानपाची नावाच्या माशांचे पिंजरे होते. पोरगी शाळेआधी बोटीवर उभी राहून फावड्यानं माशांना चारा फेकायची, आणि बॅटसुद्धा तशीच फिरवायची. खालून वर, कोपरं हवेत, पाय एकीकडे, डोकं भलतीकडे. पहिल्या दिवशी अख्खा क्लब पोट धरून हसला.

"अगं, बॉल आहे तो! उपसतेस काय माशासारखा?" कॅप्टन हिदाका ओरडली.

"हो!" म्हणून इबुकीनं कमरेत वाकून नमस्कार केला, आणि पुढचा बॉल कुंपणापलीकडच्या लाँड्रीच्या छपरावर जाऊन आदळला. हसणं जागच्या जागी थांबलं. किरिको तिसऱ्या बेसवर उभी होती. तो बॉल तिच्या डोक्यावरून गेला, आणि पुढे कितीतरी दिवस तो तिच्या डोक्यातून गेला नाही.

कारण साधं होतं. उन्हाळ्यातली जिल्ह्याची स्पर्धा ही तिसऱ्या वर्षाच्या मुलींची शेवटची. त्यानंतर बॅट कपाटात आणि डोकं प्रवेश परीक्षेत. त्या स्पर्धेत तिसरा बेस सांभाळणाऱ्या मुलीच्या पाठीवर पाच नंबर असतो, आणि पाच नंबर आपलाच असं किरिको दोन वर्षं मनात धरून होती. इबुकीही तिसऱ्या बेसचीच होती.

क्लबच्या शिक्षिका कुनिएदा सेन्सेई यांनी तर कहरच केला. "किरिको, ही पोरगी तुझ्या हवाली. हिची बॅट फार लांबून वळसा घालून येते. छातीशी येता येता वर उठणारा बॉल हिला जन्मात लागायचा नाही. हात अंगाजवळ आण हिचे. जोर देवानं दिलाय, तेवढा तू बिघडवू नकोस म्हणजे झालं."

म्हणजे आपल्याच हातानं आपली जागा तिला नीट झाडूनपुसून द्यायची. किरिको म्हणाली, "हो, सेन्सेई." दुसरं काय म्हणणार?

या क्लबात पहिल्या वर्षाची प्रत्येक पोरगी तिसऱ्या वर्षाच्या एका सेन्पाईच्या, म्हणजे वरच्या वर्गातल्या थोरलीच्या, पदरी बांधलेली असते. ती सांगेल ते करायचं आणि तोंडातून "हो" याखेरीज शब्द काढायचा नाही. दुसऱ्या सेन्पाईला जाऊन विचारायचं तर नाहीच नाही, कारण दुसरीला विचारणं म्हणजे आपली सेन्पाई खोटी आहे असं चारचौघांत सांगणं. असं कुणी केल्याचं क्लबात कुणाला आठवत नव्हतं.

पहिल्या दिवशी किरिकोनं रीतसर सुरुवात केली. सकाळी साकुराजिमा ज्वालामुखीनं मैदानावर राख टाकलेली होती, ती दोघींनी दाताळ्यानं ओढून काढली. मग किरिकोनं छोटा टॉवेल गुंडाळून इबुकीच्या डाव्या काखेत खोचला.

"हा दाबून धरायचा आणि बॅट फिरवायची. हात अंगापासून लांब गेला की टॉवेल पडतो. टॉवेल पडता कामा नये. कळलं?"

"हो!"

यात खोटं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना एवढंच सांगतात. दुसऱ्या दिवशी उरलेलं सांगतात, की बॅट बॉलवर बसली की हात मोकळे सोडायचे, सगळा जोर पुढे जाऊ द्यायचा, आणि तेव्हा टॉवेल आपोआप पडायला हवा. नाही पडला तर बॅट अर्ध्यातच अडकली म्हणून समजायचं.

दुसऱ्या दिवशी किरिको ते सांगणारच होती. पण त्याआधी कुनिएदा सेन्सेई इबुकीजवळ गेल्या, तिची मनगटं हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि हसून म्हणाल्या, "अशी मनगटं मला खेळायच्या दिवसांत मिळाली असती तर!" किरिकोची मनगटं सेन्सेईंनी कधी हातात घेतली नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उरलेलं सांगायचं ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. मग त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग ते सांगायचं राहूनच गेलं, म्हणजे तिनं राहू दिलं.

"पडला नाही ना?" ती रोज विचारायची.

"नाही, सेन्पाई!" इबुकी अभिमानानं सांगायची.

आणि खरंच, इबुकीचा बॉल दिवसेंदिवस आखूड व्हायला लागला. छपरावर जाणारा बॉल आधी कुंपणाशी थांबला, मग मैदानात, मग बॉल टाकणाऱ्या पिचरच्या पायाशी घरंगळायला लागला. टॉवेल नसतानाही तिची काख आता उघडेना. किरिकोला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्यातही मेलं एक कुसळ होतंच. एवढं होऊनही पोरगी रडत नव्हती. डबा खाताना खिदळायची, सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायची. हिदाका, जी दोन वर्षं किरिकोबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आली होती, ती आता इबुकीच्या माशांच्या गोष्टी ऐकत तिच्याबरोबर चालायला लागली. बॉल आखूड झाला तरी ही लाडकीच! आता आणखी काय काय काढून घ्यायचं हिचं, असा विचार किरिकोच्या मनात आला, आणि तो विचार आला याचंही तिला फारसं वाईट वाटलं नाही.

कानोयाच्या एका शाळेबरोबर सरावाचा सामना झाला. इबुकीनं जेवढे बॉल मारले तेवढे सगळे समोरच्या पोरींनी चहा पिता पिता उचलावेत तसे उचलले. सामना संपल्यावर सेन्सेईंनी इबुकीला नाही, किरिकोला बोलावलं.

"काय चाललंय हिचं?"

"वेळ लागेल, सेन्सेई. मुळातच सवयी वाईट आहेत तिच्या."

"वेळच तर नाही ना. शनिवारी नंबर वाटायचेत. अशीच खेळली तर मी तिला नंबर कुठून देऊ? बसेल गॅलरीत ढोल वाजवत."

त्या संध्याकाळी किरिकोनं घरी दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

पण मत्सराची एक खोड असते. तो हरलेल्याला झोपू देत नाही, तसा जिंकणाऱ्यालाही निवांत बसू देत नाही. गुरुवारी हिदाका सहज बोलून गेली, "इबुकी बिचारी घरी धक्क्यावरसुद्धा रोज सराव करते म्हणे." झालं. घरी काय करते ही? आणखी कुणी शिकवतंय का हिला? शाळा सुटल्यावर किरिको बसमध्ये चढली ती थेट बंदराच्या थांब्याला उतरली.

धक्क्यावर दोन बांबूंना जुनं जाळं बांधलेलं होतं, आणि त्यासमोर रबरी दांड्यावर बॉल ठेवून इबुकी बॅट फिरवत होती. पुन्हा पुन्हा, न थांबता. बाजूला तिचा बाप पाइपानं बोट धूत होता. किरिकोच्या अंगावरचा शाळेचा गणवेश बघून त्यानं पाणी बंद केलं.

"तुम्हीच का त्या सेन्पाई? या, या! अहो, आमच्या घरात सध्या तुमच्याशिवाय विषय नाही. सेन्पाईंनी सांगितलंय टॉवेल पडायचा नाही, म्हणजे नाही. जेवतानासुद्धा काख दाबून बसते. मी म्हटलं, बये, भाताचा वाडगा तरी नीट धर!" तो खो खो हसला.

किरिको जवळ गेली. टॉवेल काखेत खोचलेला नव्हता, जाळ्याच्या दोऱ्यानं दंडासकट छातीला करकचून बांधलेला होता. दोऱ्याखालची कातडी सोलवटून लाल झाली होती.

"सेन्पाई!" इबुकी वाकली. "मोठा बॉल मारायला गेलं की तो पडायलाच बघतो. म्हणून बांधला. आता एकदाही पडत नाही."

किरिकोला आधी काय वाटलं असेल तर हेवाच. आपण खऱ्याचा जेवढा सराव केला नाही तेवढा ही आपल्या खोट्याचा करते आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात येताच तिला स्वतःची किळस आली. त्या लाल कातडीकडे तिला बघवेना.

"सोड तो," ती म्हणाली.

"हो. मग?"

"पडायचा असतो तो. बॅट बॉलवर बसली की हात मोकळे सोडायचे. मग तो पडतो. पडायलाच हवा."

इबुकीनं लगेच "हो" म्हटलं नाही.

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? असंच असतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

इबुकीनं दातांनी गाठ सोडली. टॉवेल काखेत नुसता खोचला, बॉल ठेवला, उभी राहिली. कंबर आधी, मग खांदा, मग हात, अंगाला घासून येणारे. बॅट बॉलवर बसली, टॉवेल खाली पडला आणि बांबू, जाळं, बॉल सगळं मिळून पाण्यात गेलं.

"अगं, जाळं माझं!" बाप ओरडला.

किरिको बघतच राहिली. बॅट फिरवायची ती ढब तिचीच होती, तिनं इतकी वर्षं घासलेली, पण जोर त्या पोरीचा होता. दोन्ही एकत्र असले की काय होतं ते तिनं पहिल्यांदा पाहिलं, आणि ते आपल्या अंगात कधीच नसणार हे तिला तिथं उभ्या उभ्या कळून चुकलं. इबुकी तिच्याकडे वळून बघेना. बापाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं एक जाडजूड कानपाची मासा बर्फात घालून, कागदात गुंडाळून किरिकोच्या हातात कोंबला. "नको म्हणायचं नाही. पोरीला एवढं शिकवलंत." नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. ती तो मासा मांडीवर घेऊन बसमधून घरी गेली. स्कर्ट भिजला. आईनं त्याचे पातळ काप केले, बाबा खूश झाले. किरिकोनंही खाल्ले. मासा फार चांगला होता, हेसुद्धा तिच्या मनाला लागलं.

शुक्रवारी इबुकीचा बॉल पुन्हा लाँड्रीच्या छपरावर गेला. एकदा नाही, लाँड्रीतली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघायला लागेपर्यंत पुन्हा पुन्हा. सेन्सेई किरिकोच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "शिकवावं तर हिनंच!" इबुकी शेजारीच उभी होती. तिनं तोंडातून एक अक्षर काढलं नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं किरिकोला वाटून गेलं.

शनिवारी नंबर वाटले. "पाच, इबुकी," सेन्सेई म्हणाल्या. खूप वेळानं, राखीव मुलींमध्ये, "चौदा, किरिको." तिनं पुढे जाऊन कापडाचा आकडा दोन्ही हातांनी घेतला आणि वाकली. हिदाकानं जागेवर परतताना तिचा हात दाबला.

मग सगळ्या क्लबच्या खोलीत शिवायला बसल्या. पहिल्या वर्षाच्या पोरीचा नंबर तिची सेन्पाई शिवून देते, मग पोरगी तो शर्ट अंगात घालते आणि सगळ्या टाळ्या वाजवतात. किरिकोनं सुई ओवली आणि वाट बघत बसली. स्वतःचा चौदा तिनं बाजूला ठेवला होता. इबुकी आली, तिच्यासमोरून गेली आणि खिडकीपाशी बसून आपला पाच आपणच शिवायला लागली. खोलीतल्या गप्पा हळूहळू बसल्या.

"काय गं?" हिदाका म्हणाली. "तुझी सेन्पाई सुई घेऊन बसलीये ना तिकडे?"

"मला येतं, कॅप्टन. जाळी शिवते ना घरी."

ती जाळ्यासारखेच लांब लांब टाके घालत होती. किरिकोला राहवलं नाही. यात तिचा काही डाव नव्हता, काही फायदाही नव्हता. तिला नुसतं ते दिसलं होतं.

"इबुकी, टाके जवळ घाल. बेसवर घसरलीस की कोपरा उसवतो."

"हो," इबुकी अदबीनं म्हणाली. सुई तिनं थांबवली. मग मान वळवून सगळ्यांच्या देखत विचारलं, "कॅप्टन, टाके जवळ घालायचे का?"

हिदाकानं आधी इबुकीकडे, मग किरिकोकडे बघितलं.

"अगं, आत्ताच सांगितलं ना तिनं! त्यात मला काय विचारायचं?"

इबुकी सुई तशीच धरून हिदाकाकडे बघत राहिली.

"हो, बाई. जवळ घालायचे," हिदाका शेवटी म्हणाली.

तेव्हा कुठे इबुकीनं घातलेले टाके उसवले आणि पहिल्यापासून जवळ जवळ घालायला घेतले. पाच नंबर गेल्याचं दुःख किरिकोला होतंच. पण त्या वेळी तिला हेवा वाटला तो हिदाकाचा, जिच्या एका शब्दावर त्या पोरीनं टाके उसवले होते.