खिडकीकडचा गाल

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या कपाळासमोर, काचेच्या वरच्या कडेला, ऊन अडवायला खाली ओढायची पट्टी असते ना, तीच मी. कारखान्यात आमची परीक्षा दोनच विषयांची असायची: खाली येते का, आणि बाजूच्या खिडकीकडे वळते का. मी दोन्हींत पास झाले होते.

आमची बस मावशी चालवते. ती साऱ्या मुलांचीच मावशी. आल्या आल्या तिने मला रबरबँड घातले आणि बसमध्ये सापडलेलं सगळं त्यांत खोचायला लागली. केसांच्या क्लिपा, खोडरबर, एकदा तर कागदात गुंडाळलेला दुधाचा दात. कुणाचं काही हरवलं की मावशी म्हणायची, "झडपेत बघ." माझं केवढं कौतुक व्हायचं! पण सामान सांडेल म्हणून मला कधी कुणी खाली ओढलं नाही, खिडकीकडे वळवलं नाही. वर्षानुवर्षं दुपारचं ऊन माझ्या डोळ्यांदेखत मावशीच्या खिडकीकडच्या गालावर पडत राहिलं.

एकदा पुढच्या सीटवरची चिमुरडी म्हणाली, "मावशी, तुमचा एक गाल मावशीचा आहे आणि एक आजीचा."

सगळी बस हसली. मावशीही हसली. पण मुलं उतरल्यावर तिने आरसा आपल्याकडे वळवला आणि बराच वेळ बघत बसली.

तिची धाकटी बहीण मुलांना चढवते-उतरवते. ती म्हणाली, "अगं, पार्लरमध्ये लेसर आलाय. सुरकुत्या, डाग, एका बैठकीत सगळं साफ. माझ्या नणंदेच्या जावेनं करून घेतलंय."

"कशी दिसते आता?"

"काय माहीत. अजून तोंडाला रुमाल बांधूनच फिरते."

मावशी मग त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आली तेव्हा कानाजवळ छोटी पट्टी चिकटवलेली होती.

"लेसरच्या दोन तऱ्हा आहेत म्हणे," तिने बहिणीला सांगितलं. "एक जोरकस. वरची कातडी सोलून काढतो, मग लाली कित्येक आठवडे जात नाही. दुसरा सौम्य. त्याला पुन्हा पुन्हा जावं लागतं, फरक हळूहळू पडतो."

"मग कुठला घेतेस?"

"सध्या कुठलाच नाही. कानाजवळचा हा डाग बाईंनी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिला. तुकडा तपासायला पाठवलाय. वाईट निघाला तर? आणि लेसरने वरवर जाळला असता, तर आत वाढत राहिला असता, कुणाला पत्ताही लागला नसता."

धाकटीने पार्लरचं नाव पुन्हा काढलं नाही.

ते दिवस मी विसरणार नाही. सिग्नलला बस थांबली की मावशीचा हात कानाकडे जायचा. मुलं गाणी म्हणायची, ती सूर धरायची नाही.

मग एका दुपारी, शाळा सुटायच्या आधी, फोन आला. "बरं... हो बाई... बरं," एवढंच ती बोलली, आणि तिने डोकं स्टिअरिंगवर टेकलं. कपाळ नेमकं हॉर्नवर. हॉर्न वाजतच राहिला. धाकटी धावत आली.

"अगं, काय झालं?"

"काही नाही झालं," मावशी म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "नुसता उन्हाचा डाग आहे."

डोळे पुसून झाल्यावर धाकटी म्हणाली, "आता घे तो जोरकस."

"नको गं. मला बस चालवायची आहे, तोंड लपवून घरात नाही बसायचं. सुट्टीत सौम्यच घेते. बाई म्हणाल्या, गाल जुळे नाही होणार, पण सख्ख्या बहिणी वाटतील. मात्र आधी ऊन थांबवायचं. रापलेल्या कातडीवर लेसर मारला तर उलट नवे काळे डाग उठतात."

एवढं बोलून तिने वर पाहिलं. माझ्याकडे.

क्लिपा, खोडरबर, दात, सगळं एका डब्यात गेलं. रबरबँड निघाले. तिने मला खाली ओढून खिडकीकडे वळवलं, तेव्हा मी जुन्या गुडघ्यासारखी करकरले. पण वळले. मावशीच्या गालावर सावली पडली.

मित्रांनो, लेसर पुढे झाला आणि डाग बरेच फिकटले. सुरकुत्या थोड्या राहिल्या. तुम्ही मात्र जवळची सावली अडगळीसारखी बांधून ठेवू नका. टोपी असो, छत्री असो, वेळेवर वापरा. आता दुपारचं ऊन माझ्यावर पडतं. माझी खिडकीकडची बाजू फिकी पडत चालली आहे. पडू दे. हा गाल ऊन खायलाच केलेला आहे.